येणे रक्कम आणि भीड

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ढाणकी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना मंदिराचा जीर्णोद्धार, सभागृहाची उभारणी, विद्यार्थ्यांना दिलेले साहाय्य यांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु या सर्व सत्कार्यांच्या मुळाशी एक वही असते. त्या वहीत दोन रकाने असतात, देणे आणि येणे. देण्याच्या रकान्याविषयी आपला समाज सदैव जागरूक राहिला. दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणे हा आपल्याकडे कलंक मानला जातो. मात्र येण्याच्या रकान्याविषयी तीच जागरूकता दिसत नाही. विशेषतः जमिनीच्या व विकसनाच्या व्यवहारातील थकलेले येणे मागताना भलेभले संकोचतात आणि त्या संकोचात वर्षे निघून जातात. मंगलप्रसंगी हा विषय रुक्ष वाटेल, पण आज ज्या घरांत अशा रकमा अडकल्या आहेत त्या घरांना तो रुक्ष वाटणार नाही.

उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे मुळात बाजाराचे गाव. कापूस, सोयाबीन, हळद यांच्या उलाढालीवर येथील दुकाने चालली. कालांतराने वस्ती वाढली, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि गावालगतच्या शेतांना प्लॉटचा भाव आला. अशा गावांतून जमिनीचा व्यवहार एका ठरावीक वाटेने जातो. प्रथम तोंडी सौदा होतो, मग इसारपत्र होते. इसाराची रक्कम हातात पडते आणि उरलेल्या रकमेबाबत ‘लेआऊट मंजूर झाला की’, ‘चार प्लॉट विकले की’ असे वायदे ठरतात. पुढे विकासकाला कर्ज काढायचे असते किंवा प्लॉट विकायचे असतात, म्हणून मालक पूर्ण रक्कम हाती येण्यापूर्वीच विक्रीपत्राची रजिस्ट्री करून देतो. फेरफार होतो, सातबाऱ्यावरील नाव बदलते आणि मालकाकडे उरतो तो केवळ शब्द.

हा शब्द देणारा परका नसतो. तो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो, चातुर्मासात प्रवचनाला भेटतो, त्याच्या बहिणीचे सासर आपल्याच नात्यात असते. मुंबईत थकबाकीदाराला नोटीस पाठवताना जे बळ लागते, त्याच्या दसपट बळ अशा गावात नुसती आठवण देण्यास लागते. ‘पैसे कुठे पळून जातात काय?’ असे म्हटले जाते. पैसे पळून जात नाहीत हे खरेच. पळून जाते ती मुदत. जो मागत नाही त्याचा हक्क दिवसेंदिवस दुबळा होत जातो, ही गोष्ट मात्र बहुतेकांना फार उशिरा कळते.

सुरतेचा खटला

सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी निकालात काढलेला एक खटला या दृष्टीने अत्यंत बोलका आहे. सुरत शहरालगत मोटा वराछा येथील शेतजमिनीचे विक्रीपत्र २ जुलै २००९ रोजी नोंदवले गेले. ठरलेली किंमत होती १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये आणि ती ३६ धनादेशांनी द्यायची होती. विक्रेत्यांचे म्हणणे असे की, त्यांपैकी केवळ ६ धनादेशांचे मिळून ४० हजार रुपये हाती आले आणि उरलेल्या ३० धनादेशांची रक्कम कधीच मिळाली नाही. दरम्यान खरेदीदाराने तीच जमीन १ एप्रिल २०१३ रोजी नोंदणीकृत विक्रीपत्राने पुढे विकली. मूळ मालकांनी विक्रीपत्र रद्द व्हावे म्हणून दावा लावला तो १५ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षांनी.

न्यायालयाने दावा मुळातच फेटाळणे योग्य ठरवले. या निर्णयामागील दोन कारणे प्रत्येक जमीनमालकाने मनावर कोरून ठेवावीत अशी आहेत. पहिले कारण असे की, विक्रेत्यांचे सर्व म्हणणे खरे मानले, तरी किंमत न मिळणे हे नोंदणीकृत विक्रीपत्र रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये ‘विक्री’ची जी व्याख्या आहे, तीत किंमत दिलेली असो, देण्याचे वचन असो किंवा अंशतः दिलेली व अंशतः वचन दिलेली असो, मालकी हस्तांतरित होतेच. विक्रेत्यापाशी उरतो तो उरलेली रक्कम वसूल करण्याचा हक्क. दुसरे कारण मुदतीचे. विक्रीपत्रात सर्व धनादेश मिळाल्याचा स्पष्ट उल्लेख होता, आणि पैसे मिळाले नसते तर विक्रेते इतकी वर्षे स्वस्थ बसले नसते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

या निकालाची जखम नेमकी कोठे आहे? त्या कुटुंबाचे म्हणणे खरे होते की खोटे, याचा साक्षीपुराव्याने निवाडा झालाच नाही. तेथवर पोहोचण्यापूर्वीच काळाने दार बंद केले होते. रजिस्ट्रीच्या दिवशी कार्यालयात घाईने वाचून दाखवलेले ‘संपूर्ण मोबदला मिळाला’ हे एक वाक्य आणि त्यानंतरचे मौन, या दोन गोष्टींनी कोट्यवधींच्या हक्काचा निकाल लावला.

मुदत कशी धावते

मुदत अधिनियम, १९६३ हा कायदा व्यापारी कुटुंबातील प्रत्येक तरुणाने एकदा तरी समजून घ्यावा. स्थावर मालमत्तेच्या विक्रेत्याला उरलेली किंमत खरेदीदाराकडून व्यक्तिशः वसूल करायची असेल, तर अनुच्छेद ५३ अन्वये ३ वर्षांची मुदत आहे. विक्री पूर्ण करण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून सामान्यतः ती मोजली जाते. याशिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५(४)(ख) विक्रेत्याला आणखी एक मोलाचे साधन देते. किंमत पूर्ण मिळण्यापूर्वी मालकी गेली असल्यास न मिळालेल्या रकमेचा बोजा त्या मालमत्तेवरच राहतो. असा बोजा अंमलात आणण्यासाठी अनुच्छेद ६२ अन्वये १२ वर्षांची मुदत आहे.

मात्र हा बोजा पुढच्या खरेदीदारावर केव्हा चालतो? त्याने मोबदला न देता जमीन घेतली असेल, किंवा रक्कम थकल्याची त्याला सूचना असेल तेव्हाच. विक्रीपत्रातच ‘पूर्ण रक्कम पावली’ असे लिहिले असेल, तर पुढे प्लॉट घेणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला ती सूचना मिळणार तरी कशी? म्हणून जेवढी रक्कम मिळाली तेवढीच विक्रीपत्रात लिहावी आणि बाकीची रक्कम, तिची तारीख व धनादेशाचे क्रमांक स्पष्ट नमूद करावेत. हे सांगताना समोरचा नाराज होईल अशी भीती वाटते. परंतु पैसे खरोखर देण्याची इच्छा असलेल्या माणसाला सत्य लिहिण्यात अडचण कसली?

मुदत वाढते कशाने, याविषयीही मोठा गैरसमज आहे. वकिलामार्फत नोटीस पाठवली म्हणजे मुदत वाढली, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. तोंडी आश्वासनाने, फोनवरच्या गोड बोलण्याने किंवा पंचांसमोर मान डोलावल्यानेही ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने स्वाक्षरीनिशी लेखी कबुली दिली, तर कलम १८ अन्वये त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. मुदतीच्या आत काही रक्कम दिली आणि तिची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात वा स्वाक्षरीत असली, तर कलम १९ अन्वये तोच लाभ मिळतो. मुदत संपून गेल्यावरही एक अरुंद वाट उरते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५(३) नुसार मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी व स्वाक्षरीत वचन दिल्यास ते बंधनकारक ठरते.

आपल्या वाडवडिलांना ही कलमे तोंडपाठ नसतील, पण त्यांतील शहाणपण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. खातेबाकी काढून तिच्याखाली सही घेण्याची जी रीत होती, तिच्यात अविश्वासाचा लवलेश नव्हता. हिशेब पटला, बाकी कबूल झाली, वही पुढे सरकली. सही करणाऱ्याला त्यात अपमान वाटत नसे आणि घेणाऱ्याला संकोच होत नसे. वह्या गेल्या, संगणक आले, व्यवहार लाखांवरून कोटींवर गेले आणि नेमकी ती सही मात्र गळून पडली.

धनादेशांविषयीही असेच. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन ते कपाटात ठेवले, की मालकाला पैसे मिळाल्यासारखेच वाटते. धनादेशाची वैधता त्यावरील तारखेपासून ३ महिने असते. तो न वटता परत आल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. ‘साहेब, या महिन्यात बँकेत टाकू नका’ या एका विनंतीवर हे सारे दिवस निघून जातात.

गोरेगावची पत्राचाळ

एकट्या मालकाऐवजी शेकडो कुटुंबांचे येणे एकाच विकासकाकडे अडकले, तर काय होते, याचे उदाहरण मुंबईत गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरात, म्हणजेच पत्राचाळीत, पाहावयास मिळाले. तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासासाठी २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांनी घरे रिकामी केली. नवी घरे मिळेपर्यंत विकासकाने भाडे द्यायचे, असे ठरले होते. काही काळाने भाडे थांबले आणि घरेही उभी राहिली नाहीत. पुनर्वसनाची घरे न बांधताच चटईक्षेत्र इतर नऊ विकासकांना विकून सुमारे ९०१ कोटी रुपये गोळा केल्याचा आरोप सक्तवसुली संचालनालयाने पुढे केला. म्हाडाने २०१८ मध्ये करार संपुष्टात आणला आणि नंतर रखडलेले बांधकाम स्वतः हाती घेतले. २००८ मध्ये पाहिलेले घर प्रत्यक्षात येण्यास दीड दशकाहून अधिक काळ गेला. त्या अवधीत किती वृद्ध भाड्याच्या खोलीतच गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

या प्रकरणाचा बोध असा की, करारावर सरकारी संस्थेची सही असली म्हणजे पैसे सुरक्षित झाले, असे नाही. काम आणि रक्कम यांची सांगड टप्प्याटप्प्याने घातली पाहिजे. पहिला टप्पा पुरा झाल्याखेरीज दुसऱ्याचा ताबा नाही, असे कलम आरंभीच हवे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची अट विकासकांवर घातली, ती अशाच कटु अनुभवांतून.

रेरा कोणासाठी?

१ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाल्यावर ‘आता रेरा आहे’ असा दिलासा अनेकांनी मानला. तो दिलासा कोणासाठी आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्याने सदनिका किंवा प्लॉट विकत घेतला आणि वेळेत ताबा मिळाला नाही, त्याला कलम १८ अन्वये रक्कम व्याजासह परत मागता येते. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा २ टक्क्यांनी अधिक असते. आदेश पाळला गेला नाही, तर कलम ४०(१) नुसार ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या लेआऊटमध्ये प्लॉट घेणाऱ्याने महारेराची नोंदणी पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

परंतु जमीन देणाऱ्या मालकाची स्थिती निराळी आहे. बांधकामात किंवा विक्रीच्या उत्पन्नात वाटा घेणाऱ्या जमीनमालकाला महारेराने २०१७ च्या परिपत्रकाने प्रवर्तकांच्या पंक्तीत बसवले. म्हणजे विकासकाने त्याचे पैसे थकवले तर त्याला दिवाणी न्यायालय किंवा करारातील लवादाची वाट धरावी लागते, आणि उलट ग्राहकांच्या तक्रारीत त्यालाच उत्तर द्यावे लागू शकते. येणे त्याचे थकलेले आणि जबाबदारीही त्याच्यावर, अशी ही विचित्र अवस्था आहे. कराराचा मसुदा समोरच्याच्या वकिलाने केला आणि आपण केवळ सही केली, असे घडू नये ते याकरिता.

विश्वस्तांचा पैसा, विश्वस्तांची भीड

वैयक्तिक येणे माणसाने उदारतेने सोडून दिले तर तो त्याचा त्याग ठरेल. संस्थेचे येणे सोडण्याचा अधिकार मात्र कोणत्याही विश्वस्ताला नाही. ते पैसे दात्याचे असतात आणि ज्याच्यासाठी ते दिले त्या विद्यार्थ्याचे, रुग्णाचे, साधर्मिकाचे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, किंवा अकृषिक जमीन अथवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देता येत नाही. कलम ३४ नुसार संस्थेचे येणे वसूल करण्यात कसूर झाली असेल, तर लेखापरीक्षकाने ती अहवालात नमूद करावयाची असते. गंभीर हयगयीमुळे संस्थेचे नुकसान झाल्यास कलम ४१ खाली ते विश्वस्तांकडून भरून घेण्याची तरतूद आहे. ‘समोरचा आपलाच माणूस होता’ हा त्यावर बचाव नाही.

पुण्यातील मॉडेल कॉलनीच्या सेठ हिराचंद नेमचंद स्मारक ट्रस्टच्या जैन बोर्डिंगचे प्रकरण २०२५ मध्ये सर्व समाजाने पाहिले. वसतिगृह आणि भगवान महावीरांचे मंदिर असलेल्या सुमारे साडेतीन एकर जागेच्या विक्रीस एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली होती. समाजाचा तीव्र विरोध झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये धर्मादाय आयुक्तांनी तो व्यवहार रद्द केला. विकासकाने व्यवहारातून माघार घेताना दिलेले सुमारे २३० कोटी रुपये परत मागितले. येथे येण्याची दिशाच उलटली. घाईने झालेला व्यवहार मोडला तर संस्था स्वतःच देणेकरी होऊ शकते, हा त्यातील धडा लहानमोठ्या प्रत्येक ट्रस्टने घ्यावा.

धर्मदृष्टी आणि व्यवहार

पैसे मागणे हे परिग्रहाचे लक्षण आहे, असे मानून काही सज्जन गप्प राहतात. या ठिकाणी शास्त्राकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ यांचा समावेश आहे. खोटा लेख करणे हा एक अतिचार. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा विसर पडल्याचा लाभ घेणे हा दुसरा. न्यासापहाराची गणना अचौर्यव्रताऐवजी सत्यव्रताच्या अतिचारांत केली आहे, हे विशेष लक्षणीय आहे. दुसऱ्याची रक्कम दाबून ठेवणे हा प्रथम असत्याचा दोष आहे. मग ज्याने योग्य वेळी, नम्रपणे व लेखी आठवण दिली, त्याने समोरच्या बंधूला एका दोषापासून वाचवले, असेच म्हणावे लागेल. आणि ‘संपूर्ण मोबदला पावला’ या असत्य वाक्याखाली जो सही करतो, तोही त्या दोषातून सर्वस्वी मुक्त राहत नाही.

अहिंसेचे व्रत घेतलेल्या समाजाची वसुलीही अहिंसकच असली पाहिजे. चारचौघांत अपमान करणे, दुकानासमोर गलका करणे, मुलीच्या लग्नात विषय काढणे, ही वसुली नव्हे. दरवर्षी बाकीचे पत्र द्यावे आणि त्यावर स्वाक्षरी घ्यावी. समोरच्याची खरोखर अडचण असेल तर हप्ते बांधून द्यावेत, पण ते लेखी असावेत. स्वाक्षरी नाकारली गेली तर तोच इशारा समजावा आणि मुदतीच्या आत वकिलाचा सल्ला घ्यावा. लेखी करारातील निश्चित रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दाव्याचा मार्ग आहे. दोघांनाही समेट हवा असेल तर लोकअदालत आहे. तेथील तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नसते आणि प्रलंबित दाव्यातील न्यायालय शुल्कही परत मिळते. लहान गावात, जेथे उद्याही एकमेकांचे तोंड पाहावयाचे असते, तेथे हा मार्ग विशेष हितकर आहे.

संबंध टिकावेत म्हणून मागायचे नाही, असे म्हणता म्हणता अनेक घरांत बोलणेही थांबले आणि पैसाही बुडाला. ज्यांनी वेळीच कागद केला, त्यांचा पैसा आला आणि संबंधही राहिले. भिडेने संबंध टिकत नसतात, ते टिकतात स्वच्छ हिशेबाने.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांच्या वाटचालीत तिच्या वहीतील देण्याचा रकाना सदैव कोरा राहो, येण्याच्या रकान्यातील प्रत्येक बाकीखाली वेळेवर स्वाक्षरी होवो, आणि हीच शिस्त समाजातील प्रत्येक घराच्या वहीत उतरो, अशी मंगलकामना! जय जिनेंद्र!